दोन तोळ्यांची ग्रंथी

मशिदीत शेवटच्या सफेत, दरवाजाच्या अगदी जवळ कोण उभे राहतात हे आपण कधी पाहिले आहे का? उशिरा येणारी तरुण पोरे तिथे असतात, ती सोडा. त्यांच्या शेजारी काही पांढऱ्या दाढीवालेही असतात. हे लोक अजानीच्या आधी आलेले असतात. पहिल्या सफेत त्यांच्यासाठी जागा असते, इमामसाहेब स्वतः हात करून बोलावतात, तरी ते पुढे जात नाहीत. दरवाजाजवळ उभे राहिले की वुजूखाना आणि त्याच्या शेजारची मुतारी दहा पावलांवर राहते. याच कारणाने ते लग्नाच्या दावतीत कडेला बसतात, एसटीत दाराजवळची जागा धरतात आणि मुलीच्या सासरी मुक्काम करायचे टाळतात. कोणी विचारलेच तर गुडघे दुखतात म्हणून सांगतात.

आम्हीही आता त्याच सफेतले. आम्ही म्हणजे फज्रनंतर जळगावच्या मेहरूण तलावाकाठी फिरणारे सहा-सात जण. एक एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, एकाची केळीची आडत, दोघे शाळामास्तर (त्यांतल्या एकाने तीस वर्षे आठवी-नववीला विज्ञान शिकवले), एक रावेरकडचे तडवी गृहस्थ, एक शिंपी. सगळ्यांनी साठी ओलांडलेली. फिरताना बोलायला विषय पुष्कळ. केळीचा भाव, पोरांच्या नोकऱ्या, कोणाच्या जमिनीचा दावा. पण आपल्या शरीराच्या या भागाविषयी एक अक्षर कोणी काढत नसे. मग एका थंडीत कंडक्टरसाहेब एका फेरीत तिसऱ्यांदा झाडामागे गेले आणि परत येऊन स्वतःच म्हणाले, "भाई, रातकू पाँच बार उठता मैं. तुम लोग कितने बार?" सगळे एकदम थांबले. तडवीभाऊ म्हणाले, "तीन." आडत्याने बोटे दाखवली, चार. त्या दिवशी तलावाची फेरी अर्ध्यावर राहिली.

कंडक्टरसाहेबांनी या दुखण्याचे मोजमापही आपल्या हिशेबाने केले होते. जळगाव ते धुळे सुमारे ९० किलोमीटर. बांभोरीला गिरणेचा पूल, पुढे पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे, मग धुळे. तरुणपणी या रस्त्यावर ते दिवसातून दोनदा जात-येत, मधे उतरायची गरज पडत नसे. पंचावन्नाव्या वर्षी पारोळ्याला उतरावे लागू लागले. साठीला एरंडोल आणि पारोळा, दोन्ही. निवृत्तीनंतर एकदा पाळधीलाच बस थांबवायची वेळ आली, आणि ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेला होता म्हणून थांबली. डॉक्टर लोक या त्रासाला गुण देण्यासाठी प्रश्नांचा एक तक्ता वापरतात. आम्हाला त्यापेक्षा हा एसटीचा तक्ता लवकर समजतो.

ज्या ग्रंथीपायी हे सारे होते ती मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली असते. पाठ्यपुस्तकात तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, युनानी हकीम गुद्दा-ए-मजी म्हणतात, दवाखान्यात आणि आता घराघरांत प्रोस्टेट. तरुण माणसात तिचे वजन सुमारे २० ग्रॅम. जळगाव सोन्याची पेठ, तेव्हा आजच्या सराफी हिशेबाने दोन तोळे म्हणू. आकार अक्रोडाएवढा, आमच्या भाषेत चांगल्या पोसलेल्या मेहरूण बोराएवढा. चाळिशीनंतर बहुतेक पुरुषांत ती हळूहळू वाढू लागते. पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते, ऐंशीच्या पुढे दहांतल्या आठ-नऊ जणांत. बोराचे लिंबू होते, कोणाची मोसंबी होते. ती आतल्या बाजूने वाढली की नळी दाबली जाते, जसा ठिबकच्या नळीवर कोणी पाय ठेवावा. म्हणून एखाद्याची ग्रंथी बरीच मोठी असूनही त्रास बेताचा, आणि दुसऱ्याची जराशीच वाढलेली असून लघवी तुंबलेली, असेही होते. ही वाढ कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. मात्र एकाच ग्रंथीत दोन्ही शेजारी-शेजारी नांदू शकतात. सगळा घोळ इथेच होतो, आणि आमच्या एका आप्ताच्या बाबतीत तो झालाही. त्याकडे येऊच, पण आधी ही ग्रंथी कोणाच्या हुकमाने चालते ते सांगितल्याशिवाय तो घोळ उलगडायचा नाही.

या ग्रंथीचे काम वीर्यात मिसळणारा एक द्रव तयार करणे हे आहे. (हा विषय वार्षिकात कसा काय, असे कोणाला वाटले तर आपल्या फिकहच्या किताबा उघडून पाहाव्यात. मनी, मजी, कतरा या गोष्टींवर बुजुर्गांनी आमच्यापेक्षा कितीतरी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. संकोच नंतरचा.) या द्रवात काही विकरे, म्हणजे एन्झाइम असतात. त्यांतले एक पीएसए. वीर्य बाहेर पडल्यावर प्रथम घट्ट होते आणि थोड्या वेळाने पातळ होते. ज्या प्रथिनांमुळे ते घट्ट झालेले असते त्यांना कातरून ते पातळ करणे, हे पीएसएचे काम. दुसरे विकर म्हणजे ॲसिड फॉस्फटेज. ही विकरे रक्तासाठी केलेली नसतात. वीर्यात पीएसएचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा सुमारे दहा लाख पटीने जास्त असते. रक्तात येतो तो नुसता पाझर. ग्रंथी वाढली की पाझर वाढतो, तिला सूज आली किंवा जंतूंची लागण झाली की वाढतो, लघवी तुंबली किंवा नळी घातली की वाढतो, आणि कॅन्सर झाला तरी वाढतो. लॅबच्या कागदावर पीएसएपुढे जो आकडा छापून येतो तो या पाझराचा. कॅन्सरचा असा तो आकडा नव्हे.

आता ही विकरे किती करायची हे ग्रंथी स्वतः ठरवत नाही. हुकूम येतो तो पुरुषी संप्रेरकाकडून. वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते आणि रक्तातून ग्रंथीपर्यंत पोहोचते. पण तिथे ते जसेच्या तसे वापरले जात नाही. ग्रंथीत फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज नावाचे आणखी एक विकर बसलेले आहे. ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करते. लांबलचक नाव, डॉक्टर डीएचटी म्हणतात. विज्ञानाचे मास्तर आम्हाला समजावताना म्हणाले, "टेस्टोस्टेरॉन मुंबईहून निघालेला कागद समजा. जिल्ह्याच्या कचेरीत त्याच्यावर शिक्का बसला की तो डीएचटी. गावात मानतात तो शिक्क्याचा कागद." डीएचटी पेशीतल्या ग्राहकाला टेस्टोस्टेरॉनपेक्षा जास्त घट्ट चिकटते. ती जोडी पेशीच्या केंद्रकात शिरते, पीएसए बनवणाऱ्या जनुकाच्या अलीकडे ठरलेल्या जागी बसते आणि काम सुरू होते. पीएसए तयार होऊ लागते. पेशींची वाढही याच हुकमाखाली चालते. म्हणजे ग्रंथीचा आकार आणि पीएसए दोन्ही एकाच दौतीने लिहिलेले.

आडत्याने लगेच शंका काढली. म्हातारपणी तर पुरुषी संप्रेरक कमी होते, मग ग्रंथी वाढते कशी? शंका अगदी रास्त. रक्तातले टेस्टोस्टेरॉन वयाबरोबर उतरते हे खरे, पण ग्रंथीच्या आत शिक्का मारणारे विकर काम करीतच राहते, त्यामुळे आतले डीएचटी तरुणपणाइतकेच टिकून राहते. एके काळी शास्त्रज्ञांना वाटत होते की वाढलेल्या ग्रंथीत ते निरोगी ग्रंथीपेक्षा बरेच जास्त असते. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पॅट्रिक वॉल्श यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की तो मापातला दोष होता. निरोगी ग्रंथीचे तुकडे शवविच्छेदनातून घेतलेले असत, आणि मृत्यूनंतर त्यांतले डीएचटी कमी होऊन गेलेले असे. जिवंत माणसाच्या शस्त्रक्रियेतून दोन्ही तऱ्हेचे तुकडे घेतले तेव्हा फरक उरला नाही. हुकूम वाढत नाही, तो थांबत नाही एवढेच. पन्नास-साठ वर्षे न थांबलेल्या हुकमाने काय होते ते आम्ही रात्री चार वेळा उठून पाहतो.

हुकूम मुळातच बंद असेल तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. मोगल इतिहासातले ख्वाजासरा आपण वाचतो. चीनच्या बादशाही महालातही तसे खोजे असत. १९६० च्या सुमारास बीजिंगच्या डॉक्टरांनी हयात असलेल्या २६ वृद्ध खोजांना तपासले. त्यांना खच्ची करून चाळीस-साठ वर्षे लोटलेली. २१ जणांची ग्रंथी बोटाला लागलीच नाही.

विकर आणि संप्रेरक यांचा हा धागा प्रथम पक्का पकडला तो शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी. १९३८ मध्ये गटमन दांपत्याने दाखवले होते की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पसरला की रक्तात ॲसिड फॉस्फटेज वाढते. हगिन्स त्याआधी कुत्र्यांवर काम करीत होते, कारण म्हातारपणी माणसासारखी प्रोस्टेट वाढणारा प्राणी म्हणजे कुत्रा, असे प्राणी फार थोडे. १९४१ मध्ये त्यांनी आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी अशा रुग्णांचे वृषण काढले, काहींना स्त्री-संप्रेरक दिले. रक्तातले विकर उतरले. टेस्टोस्टेरॉनची सुई दिली तर पुन्हा चढले. ज्या रोग्यांना हाडांच्या वेदनांनी कूस बदलता येत नव्हती त्यांतले कित्येक उठून बसले. कॅन्सरलाही बाहेरच्या हुकमाची गरज असू शकते ही गोष्ट तोपर्यंत कोणाला खरी वाटली नसती. १९६६ मध्ये हगिन्स यांना नोबेल मिळाले.

आपल्याकडेही या ग्रंथीचा अभ्यास झाला आहे, आणि तो फार लांब नाही, परळला. तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनमध्ये अनिल शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या ग्रंथीच्या स्रावातले एक लहानसे प्रथिन वेगळे करून त्यावर वर्षानुवर्षे काम केले. ९४ दुव्यांची साखळी म्हणून त्याला पीएसपी-९४ म्हणतात. पीएसए, ॲसिड फॉस्फटेज आणि हे, अशी ग्रंथीच्या स्रावातली तीन मुख्य प्रथिने. जळगावहून रात्री गाडीत बसले की पहाटे दादरला उतरता येते, तिथून परळ जवळच. पण ही माहिती आमच्यापर्यंत पोहोचायला तीस-चाळीस वर्षे लागली. संशोधन मराठीत लिहिण्याची गरज आपल्याकडे कोणाला वाटत नाही, हे दुखणे वेगळे.

गोळीचा जन्म मात्र फार दूर, कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या एका खेड्यात झाला म्हणायला हरकत नाही. तिथे काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना मुलगे होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये कारण लिहिले. या मुलांत शिक्का मारणारे ते विकर जन्मापासूनच काम करीत नव्हते. टेस्टोस्टेरॉन होते, डीएचटी जवळजवळ नव्हते. पुढे ती माणसे मोठी झाली, आवाज फुटला, अंग भरले, आणि प्रोस्टेट मात्र आयुष्यभर लहानच राहिली. मग औषध कंपनीने तेच विकर अडवणारे औषध शोधले. फिनास्टेराइड. अमेरिकेत १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमच्या गोळीला परवानगी मिळाली, १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या गोळीला. पुढे त्याच कुळातले ड्युटास्टेराइड आले.

आमच्या फिरणाऱ्या मंडळीत गोळ्यांविषयी जो गोंधळ होता तो इथे सांगतो, कारण तो घरोघर आहे. डॉक्टर बहुधा आधी टॅम्सुलोसिनसारखी गोळी देतात. ती मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, काही दिवसांतच धार सुधारते, पण ग्रंथी तेवढीच राहते. फिनास्टेराइड ग्रंथीच लहान करते, साधारण पाचव्या हिश्शाने किंवा थोडी जास्त. मात्र तिचा गुण यायला सहा महिने लागतात, आणि तोवर अर्धी माणसे "फायदा नाही" म्हणून सोडून देतात. मोठ्या ग्रंथीवाल्यांनी ती टिकवली तर फायदा खरा. सुमारे ३००० पुरुषांवर चार वर्षे चाललेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लघवी एकाएकी तुंबण्याचे आणि शस्त्रक्रियेची पाळी येण्याचे प्रमाण या गोळीने निम्म्याहून कमी झाले होते. आमच्या खानदेशात शेतात सराटे भरपूर, त्यांचा काढा पितात, तोच गोखरू. पळसाची फुले उकळून ओटीपोटावर शेक देतात. शेकाने बरे वाटते, हे आमच्यातल्या तिघांनी अनुभवले आहे. पण सराट्याने ग्रंथी लहान होते असा भरवशाचा पुरावा आम्हाला कुठे मिळाला नाही. सर्दीच्या गोळीने मात्र लघवी तुंबते, हे डॉक्टर सांगतात आणि आडत्याने एका डिसेंबरात भोगलेही. सर्दीवरच्या दोन गोळ्या, रात्री धार बंद, पहाटे सिव्हिलमध्ये नळी.

आणि आता तो घोळ. शिंपीभाईंचे बहनोई धुळ्याला असतात. पूर्वी त्यांचे पॉवरलूम होते, आता मुलगा पाहतो. वय ६८. चार वर्षांपूर्वी त्यांना त्रास सुरू झाला, तपासणी झाली, पीएसए ५.२ आले, कॅन्सरचे काही निघाले नाही आणि फिनास्टेराइड सुरू झाली. वर्षभराने लघवी छान होऊ लागली. डॉक्टर बदलले, चिठ्ठी हरवली, पण गोळी दुकानदार देत राहिला. दूल्हेभाईंनी मात्र ती कोणाला सांगितली नाही. कोणीतरी त्यांच्या कानात घातले होते की या गोळीने मर्दानगी जाते. यात पूर्ण खोटे नाही. काही थोड्या पुरुषांत इच्छा कमी होते, हे गोळीच्या कागदावरच लिहिलेले असते. पण रक्तातले टेस्टोस्टेरॉन या गोळीने कमी होत नाही, उलट किंचित वाढते. अडते ते फक्त पुढचे रूपांतर. हे त्यांना कोण सांगणार? मर्दानगीची गोळी खातो म्हणून सांगायला माणूस लाजतो, आणि ती कमी करणारी खातो म्हणून सांगायला त्याच्या दसपट लाजतो. तर ती गोळी आपांच्या पानदानात, सुपारीच्या खणात राहत असे.

हजला जायचे ठरले तेव्हा मुलाने सगळ्या तपासण्यांचे पॅकेज करून घेतले. त्यात पीएसए होते. आकडा आला ३.६. कागदावर शेजारी छापलेले, ४ पर्यंत ठीक. डॉक्टरने विचारले, औषधे कोणती चालू? शेजारी सून बसली होती. दूल्हेभाई म्हणाले, "बीपीची एक. बस." डॉक्टरने कागदावर बरोबरची खूण केली. लघवी चांगली, आकडा चारच्या आत, सगळे खूश.

पुढच्या महिन्यात लग्नानिमित्त ते दोघे जळगावला आले. आपांनी पान लावायला पानदान उघडले आणि विज्ञानाच्या मास्तरांना सुपारीच्या खणात गोळ्यांची पट्टी दिसली. मास्तरांची सवय वाईट, दिसेल ते छापील वाचायचे. त्यांनी पट्टी उलटी केली, नाव वाचले आणि विचारले, "कबसे?" दूल्हेभाई दुसरीकडे पाहू लागले. उत्तर आपांनी दिले, "चार साल से. रोज मैं ही तो देती हूँ."

वर जो हुकमाचा हिशेब सांगितला तो इथे कामाला येतो. शिक्का मारणारे विकर अडवले की डीएचटी उतरते, डीएचटी उतरले की पीएसए बनवायचा हुकूम मंदावतो, आणि सहा महिने ते वर्षभरात रक्तातला आकडा साधारण निम्मा होतो. हे गोळीचे अपेक्षित काम. म्हणून ही गोळी घेणाऱ्याचा आकडा डॉक्टर दुप्पट करून वाचतात. ३.६ म्हणजे ७.२. त्याहून महत्त्वाचे, गोळी चालू असताना आकडा एकदा खाली गेला की तिथेच राहायला हवा. तो वर चढू लागला तर कोणीतरी हुकूम डावलून वाढते आहे, असा संशय घ्यायचा. आपांनी धुळ्याला परतल्यावर जुने कागद शोधले. त्या घरात कागद पलंगाच्या गादीखाली असतात. गोळी सुरू होण्याआधीचे ५.२ सापडले, वर्षानंतरचे २.५ सापडले. ५.२, २.५, ३.६. तिन्ही एका ओळीत लिहिल्यावर आम्हाला, ज्यांनी आयुष्यभर मापे, हजेऱ्या आणि तिकिटे मोजली, काय समजायचे ते समजले.

नाशिकच्या मूत्ररोगतज्ज्ञाने कागद पाहून पहिला प्रश्न गोळीचाच केला. एमआरआय झाला, मग सुईने तुकडे काढले. कॅन्सर होता. ग्रंथीच्या बाहेर गेलेला नव्हता. हज पुढे ढकलावी लागली, त्याचे दूल्हेभाईंना जेवढे वाईट वाटले तेवढे रोगाचे वाटले नाही. डॉक्टर म्हणाले, वर्ष-दोन वर्षे असाच "ठीक" आकडा बघत बसला असता तर आज काय सांगितले असते ते मला माहीत नाही.

मर्दानगीच्या या भीतीची आणखी एक बाजू आहे, तीही सांगून टाकतो. दूल्हेभाईंची गोळी गुपचूप असल्यामुळे कधी हातातून पडून तुटे, तिचे तुकडे पानदानाच्या आसपास पडत, आणि घर झाडायला सून. गोळीच्या कागदावर स्पष्ट असते की फुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळीला गरोदर बाईने हात लावू नये, कारण पोटात मुलगा असेल तर त्याच्या अवयवांच्या घडणीला तेच डीएचटी लागते. डॉमिनिकन खेड्यातली मुले आठवा. त्या वर्षी सून गरोदर नव्हती, एवढे खैर. पण ज्या सुनेपासून गोळी लपवली, तिलाच ती आधी सांगायला हवी होती.

कतऱ्यांच्या प्रश्नाचेही तसेच. लघवी झाल्यावर उठून उभे राहिले की दोन थेंब येतात, कपडे पाक राहिले की नाही या वसवशात कित्येकांनी जमात सोडली आहे, घरीच नमाज पढतात, आणि मग एकेकटे होऊन जातात. आम्ही शेवटी आमच्या मोहल्ल्याच्या मौलानांना विचारले. वय तिशीचे, आमच्या मुलांपेक्षा लहान. आम्ही सहा म्हातारे त्यांच्यापुढे बसलो आणि कोणी बोलेना. शेवटी त्यांनीच विचारले, "कतरे का मसला है ना?" थोडे चालून, खाकरून, थांबून मग वुजू करावा, आणि ज्याला एका नमाजीच्या पूर्ण वेळात वुजू करून नमाज पढण्याइतकीही उसंत मिळत नाही तो शरियतने माजूर, त्याने प्रत्येक वक्ताला वुजू करून नमाज पढावी, त्या वेळात थेंब आले तरी चालते. दहा मिनिटांत मसला संपला. तडवीभाऊ बाहेर येऊन म्हणाले, एवढ्यासाठी मी दोन रमजान तरावीहला गेलो नाही.

दूल्हेभाईंना रेडिएशन झाले आणि दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू आहे. फिनास्टेराइड बंद. हे इंजेक्शन शिक्क्याच्या कचेरीत थांबत नाही, थेट मुंबईहून निघणारा कागदच बंद करते. हगिन्सनी १९४१ मध्ये सुरीने केले ते आता सुईने होते. शेवटचे पीएसए ०.१ आले. आकडा पाहून दूल्हेभाई खूश, पण अंगातून एकाएकी गरम वाफा निघतात, घाम फुटतो, रात्री चादर भिजते. पुरुषी संप्रेरक तळाला गेले की असे होते, बायकांना पाळी जाताना होते तसेच. गेल्या जुम्म्याला आम्ही धुळ्याला त्यांना पाहायला गेलो होतो. पारोळ्याला उतरलो, एरंडोलला नाही. थंडीचे दिवस, तरी ते पंख्याखाली बसले होते, टोपी काढून. आपा शाल पांघरून समोर.

"देखो इनका," त्या आम्हाला म्हणाल्या. "मुझे जब ऐसा होता था तो यही आदमी पंखा बंद करके कहता था, नखरे मत कर."

दूल्हेभाई हसले. मग त्यांनी उशाशी ठेवलेली मुलाची जुनी शाळेची वही काढली आणि आम्हाला दाखवली. तारीख, आकडा, चालू औषध, असे तीन रकाने आखलेले. अक्षर सुनेचे.